घरात आहे तोच बेस: नवा घेण्याआधी त्यातून काय काय निघतं?

खर्जप्रेमी

सध्या ओळखीतल्या बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये विकाविकी जोरात चालली आहे. कुणी पाच तारांचा बघतोय, कुणी ॲक्टिव्ह प्रीअँपवाला (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला), कुणाला मोठा अँप हवाय. कारण विचारलं की बहुतेकांचं एकच उत्तर: बँडमध्ये माझा बेस ऐकूच येत नाही, नुसती गुबगुब येते. मला मनापासून वाटतं की यातल्या बऱ्याच जणांनी हातातल्या वाद्याचा अर्धा आवाज अजून ऐकलेलाच नाही. म्हणून हा धागा. आपापल्या जुन्या बेसमधून, अँपमधून, पेडलमधून काय सापडलं ते सविस्तर लिहा. मी सुरुवात करतो.

माझ्याकडे प्रिसिजन पद्धतीचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायचा, बेस आहे. एक पिकअप (तारांची थरथर पकडणारं चुंबक), एक व्हॉल्यूम, एक टोन. कार्यक्रम मुख्यतः भावगीतांचे, म्हणजे शेजारी तबला, बरेचदा ढोलकीही. इथे डग्ग्याचा घुमारा आणि आपल्या खालच्या दोन तारा एकाच पट्ट्यात येतात. राउंडवाउंड तार (गोल तारेचं वेटोळं असलेली) मोकळी सोडली की पुढच्या मात्रेवरही घुमत राहते आणि तबलजीने डग्ग्यावर घेतलेली घसीट तिच्यात बुडते. मग साउंडवाला बेसचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला तबला वाचवायचा असतो.

यावर माझा उपाय म्हणजे स्पंज. भांडी घासायचा स्पंज घ्या, हिरवा खरखरीत थर सोलून टाका, मऊ भागाची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, अगदी लगत तारांखाली सरकवा. चारही तारांना ती नुसती टेकली पाहिजे. दाबून बसली तर स्वर जातो आणि फक्त 'ठक' उरतो. सैल पडत असेल तर खाली पुठ्ठ्याची घडी घाला. पट्टी ब्रिजपासून जराशी पुढे आली तरी आवाज आणखी कोरडा होतो, त्यामुळे कुठे ठेवायची ते गाण्यानुसार ठरवता येतं. आता स्वर उमटतो, आपलं काम करतो आणि मिटतो. मागे डग्ग्याला जागा मोकळी. टोन पूर्ण उघडा ठेवला तरी आवाज टोचत नाही.

याला कुणी जुगाड म्हणेल, पण १९५१ साली फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली म्यूट (तारा दबवणारा फोम) असायचाच. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतले जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन वाजवायचे. जाड फ्लॅटवाउंड तारा (चपट्या पट्टीचं वेटोळं असलेल्या), झाकणाखालचा फोम तसाच ठेवलेला, उजव्या हाताचं एकच बोट, आणि बरंचसं रेकॉर्डिंग थेट मिक्सरमध्ये. तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत. लॉस एंजेलिसच्या कॅरल के पिकने वाजवायच्या आणि ब्रिजपाशी तारांवर फेल्टचा तुकडा ठेवायच्या. त्या काळचं अर्धं अमेरिकन पॉप संगीत या साध्या सामानावर उभं आहे.

ठाणेकर४

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा जॅझ पद्धतीचा चार तारांचा बेस आहे, दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. अँप ३० वॉटचा, सरावाचा. कॉलेजचा बँड आहे आणि लग्न-हळदीच्या ऑर्केस्ट्रातही वाजवतो. तिथे गायक पट्टी खाली घेतात, डी किंवा सी मध्ये, आणि माझी सगळ्यात जाड तार ई ची असल्याने मला खालचा स्वर मिळत नाही. म्हणून पाच तारांचा घ्यायच्या विचारात आहे. दुसरं म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारा खडखडतात. वाद्यच खराब झालं असेल तर एकदाच नवं घेऊन टाकावं का?

सोल्डरगन

थांब, काही घेऊ नकोस. खडखड फक्त पहिल्या काही फ्रेटवर आहे म्हणजे नेक (ती दांडी) मागे झुकला असण्याची शक्यता जास्त. लाकूड दमट हवेत ओलावा घेतं. कुणाचा नेक पुढे वाकतो, कुणाचा मागे. म्हणून अंदाजाने ट्रस रॉड (नेकचा वाक बदलणारी आतली सळई) फिरवू नये, मोजून फिरवावा.

मोजायला फीलर गेज (वेगवेगळ्या जाडीच्या पानांचं मापक) आण. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतं, मेकॅनिक लोक स्पार्क प्लगची फट त्यानेच बघतात. बेस नेहमीच्या सुरात लाव आणि वाजवताना धरतोस तसाच धर, पाठीवर आडवा ठेवू नकोस. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, नसेल तर कुणाला तरी दाबायला सांग. दुसऱ्या हाताने ई तार शेवटच्या फ्रेटवर दाब. तार आता सरळ पट्टीसारखी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेत किती फट उरते ते बघ. साधारण ०.३ मिलिमीटरचं पान अलगद सरकलं पाहिजे. फटच नसेल तर रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल कर. फट खूपच असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळ. पुन्हा सुरात लाव, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. ॲलन की बरोबर मापाची हवी. सैल बसणारी की घातलीस तर रॉडच्या नटचे कोपरे झिजतात आणि मग खरंच खर्च येतो. रॉड जागचा हलत नसेल तर जोर करू नकोस, जाणकाराकडे ने.

त्यानंतरच सॅडलची (ब्रिजवर तार ज्यावर टेकते त्या सरकत्या तुकड्याची) उंची. बाराव्या फ्रेटवर तार फ्रेटपासून दोन ते अडीच मिलिमीटर असली की बहुतेक हातांना चालतं. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात येणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघ. दाबलेला चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब घे, उतरा असेल तर जवळ.

शेवटी पिकअपची उंची, जिच्याकडे कुणी बघतच नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तारेत अडीच-तीन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात कर. पिकअप वर आणला की आवाज मोठा आणि आक्रमक होतो, पण फार जवळ आला की चुंबक तारेला ओढतो आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो. खाली नेला की आवाज लहान होतो पण मोकळा होतो. स्क्रूड्रायव्हरने अर्धा-अर्धा फेरा देत, मध्ये वाजवत ऐक. हा प्रयोग फुकट आहे आणि पिकअप बदलण्याइतका फरक कधी कधी यातूनच पडतो.

मांडवीकाठ

सोल्डरगनदादांना अनुमोदन. आमच्याकडे पणजीत खाऱ्या हवेने तारा आणि स्क्रू दोन्ही गंजतात, त्यामुळे वाजवून झाल्यावर तारा खालून-वरून सुती फडक्याने पुसणं ही पहिली सवय. सॅडलच्या उंचीचे बारीक स्क्रू वर्षातून एकदा काढून, पुसून, थेंबभर मशीनचं तेल लावून परत बसवावेत. एकदा का जाम झाले की सेटअप करायचा म्हटला तरी होत नाही.

ठाणेकर, तुमच्या ३० वॉटबद्दल लिहिते. चर्चच्या फेस्ताच्या नाचाला मी छोट्या अँपवर वाजवते, म्हणून हे आतून माहीत आहे. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. आठ किंवा दहा इंची स्पीकरच्या छोट्या खोक्यातून ४१ हर्ट्झ फारसं बाहेर येतच नाही. आपण बेसचा नॉब पूर्ण उजवीकडे नेतो तेव्हा जे त्याला जमत नाही तेच करायला लावतो. ६ डेसिबल वाढवायला त्या पट्ट्यात चौपट ताकद लागते, १२ डेसिबलला सोळा पट. ३० वॉट तिथेच संपतात, स्पीकरचा कोन फडफडतो, आवाज फाटतो. बेस नॉब मध्यावर किंवा त्याहून थोडा खाली आणा, मिड (मधल्या स्वरांचा नॉब) घड्याळाच्या दोनवर न्या, मग मास्टर वाढवा. एकट्याने वाजवताना हा आवाज नाकातला वाटेल. ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर ऐका. घरी एकट्याने ऐकून जो टोन छान वाटतो तो बँडमध्ये बहुतेक वेळा नाहीसा होतो, हे एकदा पटलं की नवीन अँपची घाई निम्मी कमी होते.

अँप कुठे ठेवता तेही तितकंच महत्त्वाचं. भिंतीला टेकवून ठेवलात तर खालचे स्वर वाढतात, कोपऱ्यात आणखी वाढतात. मोकळ्या मैदानात हे कामाला येतं, मागे भिंत मिळाली तर घ्यावी. पोकळ लाकडी मंचावर उलट: मंचच घुमायला लागतो. तिथे अँप खुर्चीवर ठेवा. स्पीकर कानाच्या उंचीला आला की आपण काय वाजवतोय ते पहिल्यांदा स्पष्ट कळतं आणि आवाज कमी ठेवूनही भागतं.

ऑर्केस्ट्रावाले_काका

मांडवीताईंनी सांगितलेल्या ४१ हर्ट्झच्या मुद्द्याला जोडून. पंचमदांच्या वादकांत टोनी वाझ बेस गिटारवर असत. त्या काळची गाणी आम्ही ट्रान्झिस्टरवर ऐकली. त्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ सोडाच, १०० हर्ट्झही धड येत नसे. तरी बेसच्या ओळी आम्हाला तोंडपाठ होत्या. कारण तार ४१ वर हलते तेव्हा ८२, १२३, १६५ असे वरचे स्वरांशही देते, आणि ते ऐकून आपला कान खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे बेस ऐकू येणं हे त्या वरच्या अंशांवर अवलंबून आहे, आणि ते अंश बोटांतून येतात.

एक गोष्ट करून बघा. अँपला हात न लावता उजवा हात नेकच्या टोकापाशी न्या आणि वाजवा. मग पिकअपवर. मग ब्रिजजवळ, तारा कडक लागतात तिथे. नेकपाशी गोल, जाड आवाज. ब्रिजपाशी वरचे अंश जास्त, स्वर टोकदार. एका गाण्यात तीन आवाज मिळाले. मुखड्याला नेकपाशी, अंतऱ्यात पिकअपवर, कडव्यामधल्या तुकड्याला ब्रिजपाशी. डाव्या हातालाही तेच. डी स्वर ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर आहे, ई तारेच्या दहाव्यावर आहे आणि मोकळ्या डी तारेवरही आहे. स्वर एक, पण दहाव्या फ्रेटवरचा जाड आणि दबका, मोकळ्या तारेवरचा झणझणीत. आम्ही मॉनिटरशिवाय, गावोगावच्या कर्ण्यांवर वाजवायचो. तिथे हातानेच आवाज बदलायला शिकलो.

मात्र एक सांगतो, सगळंच वाचवता येत नाही. नेक पिळवटलेला असेल, म्हणजे एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली, तर ट्रस रॉडने ते जात नाही. फ्रेट तारेखाली खड्डे पडेपर्यंत झिजले असतील तर आधी कारागिराकडून फ्रेट घासून घ्या, आणि तेवढी उंची उरली नसेल तर नवे बसवावे लागतात. त्याचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त येत असेल तर नवं वाद्य घेणंच शहाणपणाचं. हे नीट तपासून मग ठरवा एवढंच.

सोल्डरगन

काका, पूर्ण सहमत.

ठाणेकर, जॅझ पद्धतीच्या दोन व्हॉल्यूमबद्दल. बहुतेक लोक दोन्ही पूर्ण उघडून ठेवतात आणि पुन्हा कधी हात लावत नाहीत. दोन्ही पूर्ण असताना दोन ठिकाणचे आवाज एकमेकांतले काही मधले स्वर कापतात, म्हणून तो आवाज मधे खोलगट, स्लॅपला (अंगठ्याने तारा ठोकून वाजवायला) छान. आता ब्रिजकडचा पूर्ण ठेवून नेककडचा किंचित खाली घे. मधला आवाज उसळून वर येतो. उलट केलंस की प्रिसिजनच्या जवळचा, भरीव. फक्त ब्रिजचा पिकअप आणि बोटं ब्रिजजवळ: अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसने १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून, त्यावर इपॉक्सी चढवून जे केलं त्याचा पाया हाच पिकअप. एका बाजूला व्हॉल्यूम कमी केला की थोडी घरघर वाढेल, ते या पिकअपच्या रचनेतच आहे, वाद्य बिघडलेलं नाही.

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर पॉट (नॉबखालचा फिरता भाग) बदलायच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. पॉटच्या पायांजवळच्या फटीतून एक फवारा, मग नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचा. टोनचा कपॅसिटर बदलायलाही फार पैसे लागत नाहीत. साधारणपणे ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. त्याहून लहान घातला तर टोन बंद केल्यावरही आवाज तितका अंधारत नाही, नॉबचा शेवटचा भागसुद्धा वापरता येतो. केबल उगाच लांब वापरू नका. केबलच्या प्रत्येक मीटरमागे काही कपॅसिटन्स असतो आणि पॅसिव्ह बेसचा वरचा आवाज तो खातो. तीन मीटरच्या जागी दहा मीटर लावली तर टोन थोडा बंद केल्यासारखा ऐकू येतो. ॲक्टिव्ह बेसवाल्यांनी वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवावा. जॅक आत असेतोवर ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते, आणि 'प्रीअँप गेला' म्हणून आणलेल्या बेसमध्ये कित्येकदा बॅटरीच मेलेली निघते.

आणि हे कळकळीने सांगतो: घरघर घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका. तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि आपला हात सतत तारांवर असतो. मांडवाच्या वायरिंगवर विश्वास ठेवू नये. सॉकेट टेस्टर खिशात ठेवा, अर्थिंग दिसली नाही तर वाजवायला बसण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ठाणेकर४

मोजलं. फट अजिबात नव्हती, तार सातव्या फ्रेटला टेकत होती. पाव फेरा सैल केला, दुसऱ्या दिवशी ०.३ चं पान सरकलं. खडखड गेली! पिकअपही खाली घेतले, नेककडचा बराच. मिड दोनवर आणि अँप खुर्चीवर ठेवून काल सराव केला. ड्रमर स्वतःहून म्हणाला की आज किक आणि बेस वेगवेगळे ऐकू येताहेत.

आता खालच्या डी आणि सी चं काय करू? तिथे पाच तारांशिवाय इलाज आहे का?

जर्सीकर

आहे. मी इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या गाण्यांच्या कार्यक्रमांना वाजवतो आणि तुमचाच प्रश्न मला होता. फक्त डी हवा असेल तर ई तार एक स्वर खाली उतरवा, एवढंच. त्या तारेवर बोटं दोन फ्रेट पुढे सरकतात, सवय लवकर होते.

सी किंवा त्याखाली हवं असेल तर पाच तारांचा संच घ्या आणि त्यातली सगळ्यात बारीक जी तार बाजूला ठेवा. उरलेल्या बी, ई, ए, डी अशा चार तारा आपल्या चार तारांच्या बेसवर चढवा. बी साधारण ३१ हर्ट्झची. नेहमीचा संच ४५, ६५, ८०, १०० (जाडी इंचाच्या हजारांशात) असा असेल आणि पाच तारांच्या संचात त्याला १३० ची जोड असेल, तर प्रत्येक खाचेत आता एक पायरी जाड तार येते: १०० च्या जागी १३०, ८० च्या जागी १००, आणि तसंच पुढे. म्हणून नटच्या (नेकच्या टोकाच्या, तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात. मूळ नट कानशीने घासण्यापेक्षा दुसरा नट कापून घ्या, म्हणजे परत पहिल्यासारखं करता येईल. बी तार खुंटीच्या भोकात जाते का ते तार घेण्याआधी बघा. इंटोनेशनसाठी बीचं सॅडल बरंच मागे न्यावं लागतं. ताण बदलतो, त्यामुळे ट्रस रॉड पुन्हा मोजायचाच.

वर दमट हवेबद्दल लिहिलंय. इथे उलटं होतं. हिवाळ्यात हीटरने घर कोरडं पडतं, फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने हाताला बोचायला लागतात. बेस केसमध्ये, आत ओलावा धरणारं काहीतरी ठेवून जपला की हे बरंचसं टळतं.

मांडवीकाठ

ठाणेकर, बी तार चढवलीत तर ३० वॉटच्या अँपवर तिच्याकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. कार्यक्रमात डीआयमधून (बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) मोठ्या स्पीकरला द्या, अँप फक्त स्वतःला ऐकण्यापुरता.

मल्टीइफेक्ट पेडल धूळ खात पडलं असेल तर तेही काढा. कारखान्याचे सगळे आवाज विसरून एकच रिकामा पॅच बनवा. त्यात पहिला हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या मर्यादेखालचे आवाज कापणारा), ३० हर्ट्झच्या आसपास. बी वाजवणार नसाल तर ३५-४०. कानाला फरक कळणार नाही, पण स्पीकरला तार आपटण्याचे, हात लागण्याचे फुकटचे धक्के बसत नाहीत आणि तीच ताकद स्वराला मिळते. पुढे कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून सारखे करणारा), हलका, जोरात वाजवल्यावरच दिवा लागेल इतकाच. आणि ट्यूनर. बाकी कोरस-फ्लँजर हवं तेव्हा बघू. त्याच पेडलच्या यूएसबीतून कॉम्प्युटरला जोडता येत असेल तर तालमीचं रेकॉर्डिंग करा आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. काकांनी सांगितलेले वरचे अंश आहेत की नाहीत, लगेच कळतं.

ऑर्केस्ट्रावाले_काका

ठाणेकर, एक विचार सी बद्दल. गायकाने पट्टी सी घेतली म्हणून खालच्याच सी वर बसलं पाहिजे असं नाही. ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सी घ्या आणि खाली जी, ई, एफ कडे उतरत परत या. कान त्या खालच्या वळणाकडे जातो आणि षड्ज वर असूनही पाया भक्कम वाटतो. ढोलकी बरोबर असेल तर वरचाच सी जास्त मोकळा वाजतो. दोन्ही करून बघा, मग तारा आणा.

ठाणेकर४

काका, हे शनिवारी हळदीच्या कार्यक्रमात करून बघितलं. सी मधली दोन कोळीगीतं होती. ब्रिजपाशी स्पंज लावला, खर्जप्रेमीदादांनी सांगितला तसा, आणि वरच्या सी वरूनच वाजवलं. ढोलकीवाल्याने मागे वळून मान डोलावली.

डी मात्र एका संथ गाण्यात खालचाच हवा वाटला. तिथे ई तार उतरवून घेतली. बी चा संच सध्या घेत नाही. दादा, फ्लॅटवाउंड घ्यायच्या असतील तर माझ्या नटच्या खाचांना कुठल्या जाडीपर्यंत चालतील?

खर्जप्रेमी

आत्ताचा संच ४५ ते १०० असेल तर फ्लॅटवाउंडचाही तोच संच घ्या, खाचांना हात लावावा लागणार नाही. १०५ ची ई सहसा बसते. ती खाचेच्या तळाशी टेकते का बघा, वर तरंगत असेल तरच खाच घासावी लागेल. फ्लॅटवाउंडचा ताण साधारणपणे जास्त असतो. चढवल्यावर दोन दिवस जाऊ द्या आणि फीलर गेज पुन्हा काढा. नवीन तार चढवल्यावर सॅडलच्या पुढे आणि नटच्या पुढे अंगठ्याने हलकंच दाबा, तार तिथे कोन घेऊन नीट बसते आणि इंटोनेशन खरं मोजता येतं. जुन्या राउंडवाउंड फेकू नका, पुसून गुंडाळून ठेवा. कॉलेजच्या बँडला त्या पुन्हा लागतील.